गाडी सोडता आली पाहिजे

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

भाड्याची खोली सोडून ट्रॅव्हलर व्हॅनमध्येच कायमचं राहायचं तू ठरवलंस. आता मी त्यात 'नको' म्हणण्यात अर्थ नाही, ते काम तुझ्या आईनं मनापासून केलेलं दिसतंय. पूर आला, आग लागली, वादळ झालं तर गाडीत काय काय असावं, याची यादी तू मागितलीस. यादी देतो, पण शेवटी आणि छोटी. एसटीच्या बॉड्या बांधण्यात माझी नोकरी गेली. त्यातून एक मत पक्कं झालंय. गाडी उभी कुठे आहे आणि आतला माणूस किती लवकर बाहेर पडू शकतो, यावर बाकी सगळं ठरतं.

तुझी अडचण वेगळी आहे. इतर लोकांची गाडी बुडाली तर घर उरतं, घर जळालं तर गाडी उरते. तुझं घर, वाहन, स्वयंपाकघर, ऑफिस आणि कपाट एकाच चेसिसवर आहे. म्हणून तयारीची सुरुवात गाडीच्या बाहेर कर. आईच्या घरी एक बॅग ठेव : दोन जोडी कपडे, जुना चालू फोन, चार्जर, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, थोडी रोकड. लॅपटॉपमधल्या कामाची एक प्रत तिथल्या हार्डडिस्कवर असू दे. रात्री दोन वाजता 'येतोय' म्हटल्यावर कारण न विचारता दार उघडतील अशी शहरात दोन घरं हेरून ठेव. माझं एक धर. तुझी काकू कारण विचारेल, पण चहा ठेवून.

आधार कार्डावर, बँकेत, मतदार यादीत खरा आणि कायमचा पत्ता राहू दे. २०२३ च्या पुरानंतर नागपुरात पंचनामे झाले आणि बाधित कुटुंबांना १०,००० रुपयांची मदत जाहीर झाली. पंचनामा घराचा होतो. रस्त्याकडेला उभ्या गाडीत कोणाचा संसार वाहून गेला, हे तलाठ्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचं? तुला भरवसा फक्त विम्याचा. म्हणून आरसीवर फेरफाराची नोंद करून घेतल्याशिवाय एक रात्रही गाडीत काढू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पलंग, ओटा, बॅटऱ्या बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवलं नसशील, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. आतल्या सामानाला साधी मोटार पॉलिसी धरत नाही, तेही विचारून घे.

आता पाण्याचं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुला आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीनं पात्र सोडलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसं झोपेत असताना पाणी घरात आलं होतं. बर्डीला मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. ज्यांना जमलं ते वरच्या मजल्यावर गेले. तुला वरचा मजला नाही.

तेव्हा जून ते सप्टेंबर नाग नदी, पिवळी नदी किंवा त्यांना मिळणाऱ्या कुठल्याही नाल्याच्या काठाला रात्रीचा मुक्काम नको. फुटाळा तलावावर संध्याकाळी जा, चहा पी, आणि नीघ. मुक्कामाची जागा दिवसाउजेडी पाहून ठरव. कुंपणाच्या तारेला वाळलेलं गवत आणि प्लास्टिक अडकलेलं दिसलं, तर मागच्या वेळी पाणी तिथवर आलं होतं असं समज. भिंतीवरची मातकट रेघही तेच सांगते. दुसरं म्हणजे माती. बेसा, हिंगणा, उमरेड रोड, कुठेही रिकामा प्लॉट दिसला की तुला तो मोफतचा मुक्काम वाटेल. पण आपली काळी माती एका चांगल्या पावसात चाक धरून ठेवते, आणि ज्या रात्री निघायची घाई, त्याच रात्री गाडी रुतते. मुरमाची नाहीतर डांबराची जागा पाहा. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेव, किल्ली रोज एकाच खिळ्याला अडकव, बाहेरची ताडपत्री आणि खुर्च्या झोपण्याआधी आत घे. उठल्यापासून दहा मिनिटांत गाडी हलली पाहिजे. एकदा घड्याळ लावून करून पाहा, काय काय आडवं येतं ते कळेल.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग लोक बघतात आणि विसरतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हे पक्क्या घरात राहणाऱ्यांसाठी ठीक आहे. तू एक रंग आधी चाल. नारिंगी आला की गाडी उंचावर न्यायची आणि लाल आला की आईकडे झोपायला जायचं. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही दोन्ही ॲप फोनमध्ये घे, आणि रात्री फोन सायलेंटवर टाकत जाऊ नकोस.

आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून नदी शांत असते असंही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडाऱ्यात वैनगंगेचं पाणी शिरलं, त्यातलं बरंचसं मध्य प्रदेशातल्या पावसाचं होतं. पेंच, कन्हान, वैनगंगा, कुठेही काठावर थांबायचं असेल तर वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का, हे गावात विचार. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, यावर चर्चा नको. साधारण एक फूट वाहतं पाणी लहान कार उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेतं, आणि तुझ्या गाडीच्या उंच सपाट बाजूला ते अजूनच जोर लावतं. २०२२ च्या जुलैत सावनेर तालुक्यात पुलावरून स्कॉर्पिओ वाहून गेली, तीही काही हलकी गाडी नव्हती. शहरात नरेंद्रनगरचा अंडरपास आणि लोहापूल पावसात टाळ. आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका जरी आली, तरी स्टार्टर मारू नकोस, टो करून गॅरेजला ने. पाणी ओढलेलं इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा विमाकवच घेतलेलं नसेल तर विमा त्याचे पैसे बहुधा देत नाही.

पूर वर्षातून एखाद्या रात्रीचा, ऊन तीन महिन्यांचं. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेत. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. लोक हसले, पण उन्हात बंद करून ठेवलेल्या पत्र्याच्या गाडीत ५६ सहज होतात, साठही ओलांडतात. तुझ्या लिथियम बॅटऱ्यांच्या कागदावर साधारण साठचीच मर्यादा लिहिलेली असेल. त्या पश्चिमेच्या बाजूला, सीटखाली कोंडून ठेवल्या असतील तर जागा बदल आणि हवा खेळती ठेव.

एसी लावशील म्हणतोस. हिशेब कर. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा एसी ताशी एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे दोन-अडीच तासांत खेळ खलास. आपला कूलर दीडशे वॉटवर चालतो, तीच बॅटरी त्याला रात्रभर पुरेल. एप्रिल-मेची कोरडी हवा कूलरला मानवते, फक्त समोरची खिडकी उघडी हवी आणि पाणी मुबलक हवं. मृग लागून हवा दमट झाली की कूलर नुसता पंखा उरतो. माझं ऐकशील तर नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, आधीच चिखलदऱ्याला नीघ. घराला चाकं लावून ते मे महिन्यात वर्धा रोडवर तापत ठेवायचं, याला काय म्हणायचं बाप्पा?

ऊन लागलेल्याला स्वतःला ते कळत नाही, याची मला तुझ्याबाबत सगळ्यात जास्त धास्ती आहे. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग बोलणं असंबद्ध होतं, अंग तापतं, घाम थांबूही शकतो. घरात कोणीतरी बघतं. तू एकटा. म्हणून उन्हाळ्यात दुपारी दोनला आणि रात्री नऊला आईला फोन किंवा मेसेज. तो चुकला तर अर्ध्या तासात तिनं मला सांगायचं आणि मी निघायचं. त्यासाठी रोज रात्री गाडी कुठे उभी आहे ते आम्हा दोघांना पाठवत जा. कोणाला लू लागलेली दिसली तर १०८ ला फोन करायचा, आणि रुग्णवाहिका येईस्तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पन्हं-बिन्हं काही ओतायचं नाही. रोजच्या थकव्यासाठी ओआरएस ठेव. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

गॅसबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. ठेवूच नकोस. इंडक्शनवर एकट्याचा वरण-भात अर्ध्या-पाऊण युनिटात होतो. ज्वालाग्राही वस्तूंवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, आणि घरगुती सिलिंडर गाडीत वापरू नये हे आपल्याच शहरात कोणाला ठाऊक नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात प्रवाशांनी बेकायदा नेलेल्या सिलिंडरवर चहा-कॉफी करताना आग लागली, नऊ माणसं गेली. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीनं जात नाही. एवढं सांगून तू गॅस घेणारच असशील, तर सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणाऱ्या झरोक्याचा हवा, गळतीचा सेन्सर फरशीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा झोपेच्या उंचीवर. वास आला तर कुठलंही बटन दाबायचं नाही, चालूचं बंदही करायचं नाही. बाहेर पडायचं, लांब जायचं, मग १९०६ ला फोन.

बाहेर पडायचं कुठून? तुझ्या नकाशात पलंग मागच्या दाराला आडवा आहे. तो काढ. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दाराच्या बाजूवर उलटून पेटली, २५ जण गेले, आणि जे वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून वाट काढली. दोन वेगवेगळ्या बाजूंना दोन वाटा हव्यात आणि दोन्ही आतून, किल्लीशिवाय उघडायला हव्यात. हातोडी पलंगाजवळ बांध. बाजूच्या टफन काचेला ती कोपऱ्यात मारायची, मधे नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, तिच्यावर वेळ घालवू नकोस. तू कॅम्परची ॲक्रिलिक खिडकी बसवतोयस ना, ती हातोडीनं फुटत नाही, म्हणून तिची कडी रोज चालते का ते बघ. आतल्या अस्तरात थर्माकोल किंवा स्वस्त फोम भरायला कारागीर आग्रह करेल. त्याचा धूर ज्वाळेच्या आधी माणूस घेतो. रॉकवूल घाल, वजन थोडं वाढेल. दोन किलोची एबीसी पावडरची दोन अग्निशामकं घे, एक दाराशी, एक उशाशी. दोन्ही मारूनही आग विझली नाही, तर लॅपटॉप, गिटार, काही न घेता उतरायचं. याच क्षणासाठी आईकडची बॅग आहे.

वादळाचं थोडक्यात. मेमध्ये सावलीसाठी तू झाडाखाली गाडी लावशील, आणि त्याच संध्याकाळी वळवाचं वारं सुटेल. गुलमोहर टाळ, त्याची फांदी ठिसूळ. आभाळ भरून आलं की कडुनिंबाखालूनही गाडी काढ. विजेच्या वेळी धातूची बंद बॉडी बरीच सुरक्षित, फक्त काचा वर आणि हात पत्र्यापासून दूर. फायबरच्या छपराला तो भरवसा नाही.

डिझेल अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस. १ जानेवारी २०२४ ला ट्रकवाल्यांच्या संपात नागपुरातल्या पंपांवर लागलेल्या रांगा तूही पाहिल्यास. टायरवरचा चार आकडी शिक्का वाच, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर मेच्या सिमेंट रस्त्यावर दगा देतो.

आणि ही तुझी यादी. वीस लिटर पिण्याचं पाणी, टाकीतल्याव्यतिरिक्त. क्लोरीनच्या गोळ्या. डोक्याला लावायची बॅटरी. शिट्टी. टो करायची दोरी. फुटाणे, गूळ, मुरमुरे. प्रथमोपचाराची पेटी आणि तुझ्या दम्याचा जादा पंप. कागदावर लिहिलेले नंबर : ११२, अग्निशमन १०१, महामार्गासाठी १०३३, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि आमचे दोघांचे. यापुढे काही विकत घ्यावंसं वाटलं तर आधी वजन बघ. पाणी, बॅटऱ्या, प्लायवूड मिळून आरसीवरच्या एकूण वजनाच्या मर्यादेपलीकडे तू गेला असशील असा मला दाट संशय आहे, आणि जड गाडी ब्रेकलाही ऐकत नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. माझ्या ओळखीच्या धर्मकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगळा तोलून घेऊ. टाकी, कपाटं, पुस्तकं, सगळं भरूनच आण. रिकाम्या गाडीचं वजन मला पाठ आहे.

तुझा,
काका