अबू धाबीला निघण्यापूर्वी

प्रिय बाळा,

अबू धाबीच्या नोकरीचं पत्र आल्याचं तुझ्या आईने सांगितलं. फार बरं वाटलं. तू विचारलंस, ‘सर, तिथे आपण कोणत्या बिशपांची माणसं?’

अरब प्रदेशातल्या लॅटिन बिशपांची एक परिषद आहे, 1967 सालची. जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले प्रमुख बिशप, तिचे अध्यक्ष, सध्या कार्डिनल पिझ्झाबाला. बैरूत, अलेप्पो, बगदाद, अलेक्झांड्रिया, जिबुती, मोगादिशू आणि आखाताचे दोन विभाग या परिषदेत येतात. तुझे बिशप दक्षिण अरेबियाचे. अमिरात, ओमान आणि येमेन त्यांच्याकडे. ‘लॅटिन’ म्हणजे लॅटिन बोलणारे नव्हेत, आपल्यासारखी रोमन रीतीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करणारे. मॅरोनाइट, कॉप्टिक कॅथलिक, खाल्डियन हे तिथले पौर्वात्य रीतींचे कॅथलिक. त्यांचे पॅट्रिआर्क निराळे.

या बिशपांची दुखणी सारखी नाहीत. सीरियातल्या अलेप्पोची माणसं युद्धाने देशोधडीला लागली. सोमालियातल्या मोगादिशूचे बिशप कोलोंबो यांना 1989 मध्ये कॅथेड्रलमध्येच, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्येच, गोळ्या घातल्या; आता मोगादिशूचा भार जिबुतीचे बिशप वाहतात. येमेनमधल्या एडनला 2016 मध्ये मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार सिस्टर मारल्या गेल्या, त्यात एक आपल्या भारतातली. आखातात मात्र चर्च भरलेली असतात, पण बहुतेक सगळे व्हिसावरचे. व्हिसा संपला की घर. तूही त्यांच्यातच.

मी दुबईत होतो तेव्हा रविवार कामाचा, म्हणून शुक्रवारी मिस्सेला जायचो. एकदा कोंकणी मिस्सेत मागच्या भिंतीला टेकून एक फिलिपिनो बाई उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, डोळे मिटलेले. तिला शब्दही कळत नव्हता. नंतर कळलं, घरकामातून तिला महिन्यात एकच सुट्टी मिळे, आणि त्या दिवशी तिच्या वेळेत बसणारी मिस्सा हीच होती. ती बाई आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली. तुला ऑफिसातून रविवार मिळेल. घरकाम करणाऱ्या बायकांना मिळेलच असं नाही. तेव्हा गेल्या गेल्या वसईकरांचा ग्रुप शोधत बसू नकोस. सेंट जोसेफ कॅथेड्रलला जा, नाव नोंदव, स्वयंसेवकांत उभं राहा. एकदा मल्याळम मिस्सेला बस, एकदा फिलिपिनोंच्या तागालोग मिस्सेला. मागच्या भिंतीशी कोण उभं आहे ते बघ आणि बाकावर सरकून जागा कर.

पोचल्यावर फोन कर. मिस्सांच्या वेळा कोणकोणत्या भाषांत लावल्यात, तेही सांग.

तुझे,
सर