सौर पॅनेल घरी बनवावे की तयार घ्यावे?

उन्हापासून वीज करणारे सुटे सेल आणून, ते घरीच सोल्डर करून पॅनेल तयार केले तर विजेचे बिल कितपत उतरेल, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की शिकण्यासाठी एखादे लहान पॅनेल जरूर बनवावे. बिल कमी करायचे असेल तर मात्र पॅनेल तयार घ्यावे आणि आपली मेहनत ते बसवण्याच्या कामात घालावी.

आधी हिशेब पाहू. सिलिकॉनचा सेल लहान असो वा मोठा, त्यातून साधारण अर्धा व्होल्टच मिळतो. क्षेत्रफळ वाढले की वाढतो तो प्रवाह. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी भरण्यासाठी ३६ सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडण्याची पद्धत पडली. १५६ मिलिमीटर बाजूचा सर्वसाधारण सेल भर उन्हात सुमारे ४ वॅट देतो, म्हणजे असे ३६ सेल मिळून दीडशे वॅटच्या आसपास. दिवसाकाठी चार तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश धरला आणि तारा, बॅटरी व इन्व्हर्टर यांतील घट वजा केली, तर हाती जेमतेम अर्धा युनिट येतो, आणि तेवढ्यावर घरातला फ्रीजही दिवसभर चालत नाही. बिलात फरक दिसण्यासाठी २ किलोवॅट उभे करायचे म्हटले तर पावणेपाचशेच्या आसपास सेल आणि त्यांवरचे हजारो सांधे आपल्याला हाताने करावे लागतील. सेलची जाडी ०.२ मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे किती फुटतील हे मी आपल्या हातांच्या सफाईवर सोडतो.

परंतु सोल्डरिंग हा या कामातला अवघड भाग नव्हेच. ते सरावाने जमते. खरी अडचण सेल सीलबंद करण्याची आहे. कारखान्यात काच, ईव्हीए या पारदर्शक, चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचा थर, सेल, पुन्हा ईव्हीए आणि मागचा पत्रा अशी रचना करून, हवा काढून घेऊन, सुमारे १५० अंश सेल्सिअसला ती एकजीव केली जाते. म्हणूनच असे पॅनेल पंचवीस वर्षे पाऊसपाणी सोसते. घरी लाकडी चौकट, ॲक्रिलिकचा पत्रा आणि फटी बुजवायचे सिलिकोन वापरून केलेल्या पॅनेलमध्ये दमट हवा कुठून तरी शिरतेच, सेल जोडणाऱ्या आतल्या पट्ट्या गंजतात आणि सांध्यांचा रोध वाढत जातो. त्यातच सेल सिरीजमध्ये असल्यामुळे सर्वांत दुबळा सेल संपूर्ण ओळीचा प्रवाह अडवतो. त्याच्यावर सावली पडली किंवा तो तडकला, तर बाकीच्या सेलची वीज त्याच्यातच जिरून तो तापू लागतो. तयार पॅनेलमध्ये यासाठी बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग, असतात, शिवाय वर काच असते. लाकूड आणि प्लॅस्टिकच्या चौकटीत हीच उष्णता आगीचे कारण होऊ शकते, आणि हे पॅनेल राहत्या घराच्या छपरावर असणार आहे, हे विसरून चालणार नाही.

पैशाच्या अंगाने पाहिले तरी, पॅनेलच्या किमती गेल्या दोन दशकांत इतक्या खाली आल्या आहेत की संपूर्ण यंत्रणेच्या खर्चात ढाचा, इन्व्हर्टर, तारा, संरक्षक उपकरणे आणि मजुरी यांचा वाटा मोठा झाला आहे. बचत शोधायची ती तिथेच. ढाचा आपण उभारू शकता: पॅनेलचे तोंड विषुववृत्ताच्या दिशेला आणि कल साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवावा, वाऱ्याने खालून उचलले जाणार नाही अशी पकड द्यावी, आणि मागे हवा खेळायला जागा सोडावी. हा शेवटचा मुद्दा बरेच जण हसण्यावारी नेतात. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. म्हणजे ऐन दुपारी दर सात-आठ वॅटांमागे एक वॅट उष्णतेपायीच जातो.

जुनी कारखानी पॅनेल हाही चांगला पर्याय आहे. घेताना काच फुटलेली, मागचा पत्रा तडकलेला किंवा पट्ट्या काळवंडलेल्या असलेले पॅनेल बाजूला काढावे. मग भर उन्हात उघड्या टोकांवरचा व्होल्टेज मोजून तो मागच्या लेबलशी ताडून पाहावा. एखादा डायोड गेला असेल तर साधारण एक-तृतीयांश व्होल्टेज गायब दिसतो.

तारांची अंतिम जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. दहा पॅनेल सिरीजमध्ये जोडली की ४०० व्होल्टच्या घरात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, तयार होते. घरातल्या नेहमीच्या विजेप्रमाणे (एसी) तिचा प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्यामुळे एकदा पडलेली ठिणगी आपोआप विझत नाही, आणि एसीसाठीचे साधे स्विच तिथे कुचकामी ठरतात. शिवाय ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडायचे असेल तर प्रमाणित पॅनेल आणि पुरवठा खंडित होताच स्वतः बंद पडणारा इन्व्हर्टर मागितला जातो. घरी बनवलेले पॅनेल त्या तपासणीत बसत नाही.

हौसेने बनवलेले पॅनेल त्यामुळे वाया जात नाही. वीस-तीस वॅटचे करावे, अंगणात घराच्या भिंतीपासून दूर ठेवावे, फ्यूज व बॅटरी जास्त भरू न देणारा चार्ज कंट्रोलर लावून लहान बॅटरीवर एलईडी दिवे चालवावेत, आणि महिन्यातून एकदा दुपारी त्याचा प्रवाह मोजून नोंदवत जावा.