मडक्यातलं बाळ आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात मी राजस्थानातल्या बालाथलच्या सांगाड्याबद्दल लिहिलं होतं. सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा एक पुरुष आणि त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर महारोगाच्या खुणा, असा तो विषय होता. त्यावर बरीच पत्रं आली. दोघांनी मृतांना त्रास देऊ नका असं बजावलंय. एका गृहस्थांनी पत्रिका मांडून पाठवलीय (माझी नव्हे, सांगाड्याची, जन्मवेळ अंदाजे धरलीय). बाकीच्यांतली पाच पत्रं घेते.

प्रश्न : आमचे आजोबा ९२ वर्षं जगले, पण दवाखान्याची पायरी चढले नाहीत. घरचं दूध-तूप आणि बिनखताची ज्वारी खाऊन आपले पूर्वज ठणठणीत होते. सांगाड्यांवर रोग दाखवून तुम्ही लोक त्यांची उगाच बदनामी करता असं वाटतं. – एक वाचक, कराड

आजोबांना माझा नमस्कार. घरात कुणी जुनंजाणतं माणूस असेल तर त्यांना एवढंच विचारा, की आजोबांना भावंडं किती झाली आणि त्यांतली लग्नाच्या वयापर्यंत किती पोचली? माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. हाताशी आली चार. त्यातली एक माझी आई, ८८ वर्षांची होऊन गेली. तिच्याकडे बघून आम्हीही म्हणायचो, जुनी हाडं, चिवटच! बाकीच्या सातांची हाडं आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.

इनामगावात ती पाहायला मिळतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची मंडळी. खाली इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवायचे, गुरं-शेळ्या पाळायचे, हरणं मारायचे, नदीत मासे धरायचे. खत नाही, पॉलिश नाही, पाकीट नाही. तुम्हाला हवं तसंच सगळं. तिथे २०० च्या वर दफनं सापडली आणि त्यांत बहुतेक लहान मुलं आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि घराच्या जमिनीतच किंवा अंगणात पुरायचं. रोज जिथे सारवायचं तिथेच.

त्या बाळांच्या दातांत पुढची गोष्ट आहे. हाड आयुष्यभर स्वतःला मोडत आणि बांधत असतं, दाताच्या वरच्या चकाकत्या थराला ते जमत नाही. तो एकदा घडला की घडला. दुधाच्या सुळ्याचं वरचं टोक बाळ आईच्या पोटात असताना घडायला लागतं आणि पहिल्या वर्षाच्या आत पुरं होतं. या काळात बाळाचे हाल झाले तर सुळ्यावर खळगा राहतो. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे हे सुळे तपासले, त्यांत असे खळगे आहेत. म्हणजे आई गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना त्या घरात काहीतरी कमी पडत होतं. घरचं तूप असो-नसो.

पण कराडकर, आता मी तुमच्या बाजूने एक मुद्दा मांडते, कारण तो जुनी हाडं तपासणारे आमच्यातले लोकही विसरतात. समजा, एका गावात दोन भाऊ आहेत. धाकट्याला पटकी झाली आणि तो दोन दिवसांत गेला. थोरल्याला क्षय होता, तो दहा वर्षं खोकत, वाकत, शेत राखत जगला. ३००० वर्षांनी दोघांचे सांगाडे माझ्या टेबलावर आले, तर धाकट्याची हाडं स्वच्छ आणि थोरल्याचा कणा कुबड आलेला. नवशिक्या म्हणेल, धाकटा निरोगी आणि थोरला रोगी. खरं तर हाडापर्यंत खूण पोचायला महिने, वर्षं लागतात. खूण आहे याचा अर्थ तो माणूस आजाराशी तेवढा काळ झुंजला. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं, तेव्हा आमच्या विषयात चांगलीच खळबळ उडाली होती, कारण तोवर खुणा मोजून 'या गावात आजारपण वाढलं' असे निष्कर्ष सर्रास काढले जात.

शिवाय बहुतेक आजार हाडाला शिवतच नाहीत. औषधपाणी नसलेल्या क्षयाच्या शंभर रोग्यांत तीन ते पाच जणांच्या हाडापर्यंत तो जातो. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये गेलेल्या माणसाचा सांगाडा हातात दिलात, तर नुसतं हाड बघून मला प्लेग ओळखता येणार नाही. त्यासाठी दाताच्या पोकळीतला डीएनए काढावा लागतो. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतल्या १३४८ च्या साथीच्या लोकांबाबत तो काढला गेला आणि प्लेगचा जंतू सापडला. तेव्हा आम्ही पूर्वजांची बदनामी करत नाही. उलट त्यांचे बहुतेक आजार आमच्या नजरेतून सुटतात.

प्रश्न : जमिनीत हजारो वर्षं पडलेलं हाड किडणार, झिजणारच. ते रोगानं झिजलं की मातीनं, हे कसं ठरवता? – एक डॉक्टर, सोलापूर

डॉक्टर, हा प्रश्न मला शिकाऊ असताना कुणी विचारला असता तर फार बरं झालं असतं. पहिल्याच वर्षी माझ्याकडे नडगीचं एक हाड आलं. त्यावर फांद्या फुटल्यासारख्या बारीक खाचा होत्या. मी हाडावरच्या आवरणाची सूज, रक्तवाहिन्यांचे ठसे वगैरे दोन पानं लिहून काढली. सरांनी वाचली, काही बोलले नाहीत. टाचणी घेतली, खाचेतून एक वाळकं मूळ उपसलं आणि माझ्या वहीवर ठेवलं. झाडाची मुळं हाडाला चिकटून आपल्या आम्लाने अशा खाचा पाडतात. त्यानंतर मी कुठल्याही हाडावर रोगाचं नाव लिहिण्याआधी उंदीर, मुंग्या, मुळं, पाणी आणि मजुराची कुदळ या पाचांना आरोपी म्हणून उभं करते.

हाडाला दोनच गोष्टी येतात, नवं हाड घालणं आणि जुनं काढून टाकणं. जिवंतपणी जे घडतं त्याच्या कडा गोलसर होतात, कारण शरीराने डागडुजी सुरू केलेली असते. मेल्यानंतर मोडलेल्या कडा धारदार राहतात, आणि मोड नवी असेल तर आतला रंग बाहेरच्यापेक्षा फिका दिसतो. हे भिंगाखाली दिसतं, पण मला बोट फिरवल्याशिवाय खात्री वाटत नाही.

मग येतं ते खुणांचं जाळं. एकच खूण कधीच पुरत नाही. बालाथलचंच घ्या. नाकाच्या मधल्या पडद्याखाली, वरच्या ओठाच्या अगदी वर बोट दाबून पाहा. एक छोटा हाडाचा काटा लागेल. महारोगात तो विरघळतो. कवटीतलं नाकाचं भोक एरवी नासपतीसारखं, वर अरुंद आणि खाली रुंद असतं, ते रुंद आणि गोल होतं. वरच्या पुढच्या दातांची मुळं धरून ठेवणारं हाड खचतं आणि दात हलतात. हे तिन्ही एकत्र दिसलं तर महारोगाचा संशय बळावतो. ही जोडी-जुळणी प्रथम लावली ती डेन्मार्कच्या व्हिल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सेन या डॉक्टरने. नेस्टवेद गावाजवळ मध्ययुगीन महारोग्यांच्या आश्रमाची दफनभूमी होती, ती त्याने वर्षानुवर्षं खणली. गंमत अशी, की नाकाच्या त्या काट्याचं त्याने आधी मेलेल्यांत पाहिलं आणि मग जिवंत रोग्यांत तपासून घेतलं. तुमच्या पुस्तकांत सांगाड्यांनी भर घातल्याचं हे उदाहरण मला विशेष आवडतं.

बालाथलच्या माणसावर ग्वेन रॉबिन्स, पुण्याच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दगडी भिंतींच्या आवारात, जाळलेल्या शेणाच्या राखेत त्याला पुरलं होतं. महारोगी म्हणून गावाबाहेर टाकला होता असं त्या जागेवरून तरी वाटत नाही. मी यापुढे जाऊन गोष्ट रचणार नाही.

प्रश्न : शाळेच्या परिपाठात मी मुलांना मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांची गोष्ट सांगते. 'संस्कृतीची पहिली खूण कोणती?' असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'मोडून जुळलेलं मांडीचं हाड, कारण कुणीतरी त्या जखमी माणसाला सांभाळलं.' ही गोष्ट खरी आहे ना? – एक शिक्षिका, नाशिक

बाई, गोड आहे, पण जरा जपून. मीड यांनी स्वतः हे कुठे लिहिल्याचं सापडत नाही. छापून ते आणलं ते पॉल ब्रँड यांनी, १९८० मध्ये, मीड यांच्या व्याख्यानात ऐकलं असं सांगून. ब्रँड म्हणजे वेल्लोरला महारोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. हा किस्सा त्यांना भावला यात नवल नाही. पण जुळलेली हाडं जंगलातल्या माकडांतही दिसतात, आणि त्यांची शुश्रूषा करायला कुणी बसलेलं नसतं.

मुलांना याहून भक्कम गोष्ट हवी असेल तर इराकमधल्या शानिदार गुहेतला निअँडरथल सांगा. राल्फ सोलेकी यांना तो १९५७ मध्ये सापडला. उजवा हात वाळलेला आणि कोपराच्या वरून गेलेला, डाव्या डोळ्याजवळ जबर मार लागून तो बहुधा निकामी झालेला, तरी चाळिशीपर्यंत जगला. किंवा व्हिएतनाममधल्या मान बाक इथला तरुण. सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा. मानेचे मणके जन्मतः जोडलेले, पोरवयातच कमरेखाली लुळा, हातही जवळजवळ गेलेले. त्याची हाडं काडीसारखी बारीक आहेत. अशा अवस्थेत तो कित्येक वर्षं जगला. भरवणं, कूस बदलणं, धुणं-पुसणं हे कुणीतरी रोज केलं. लोर्ना टिली यांनी अशा सांगाड्यांवरून 'काळजी कशी घेतली असेल' याचा हिशेब मांडायची पद्धतच तयार केली. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना तो हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : शेततळं खणताना जेसीबीला दोन मडकी लागली, एकमेकांच्या तोंडात तोंड घातलेली. एक फुटलं, आत बारीक हाडं आहेत. गावात गुप्तधनाची कुजबूज सुरू झालीय. आई म्हणते, लहान मुलाचं आहे, प्रवरेत सोडून ये. काय करू? – एक शेतकरी, नेवासे तालुका

दादा, आधी जेसीबी थांबवा. हे पत्र छापून येईपर्यंत मी वाट पाहिली नाही, तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, पण इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे घेते.

मडकी उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. आतली माती काढू नका. कोवळी हाडं आणि दुधाचे दात तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि ते त्या मातीतच असतात. जागेवरच दोन-चार फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नुसती काडेपेटी ठेवून. वर गोणपाट आणि त्यावर मोकळी माती पसरा. मग तलाठ्याकडे किंवा तहसीलदारांकडे लेखी कळवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागालाही. जमिनीत मिळालेल्या जुन्या मौल्यवान वस्तूंबद्दल १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे, त्यामुळे कळवलेलं तुमच्याच हिताचं. हाडं अलीकडची असतील अशी जराही शंका असेल तर मात्र आधी पोलीस.

गुप्तधन म्हणाल तर सोनंनाणं निघणार नाही, हे कुजबुजणाऱ्यांना माझ्या नावाने सांगा. तुमच्या नेवाशातच सांकलियांनी पन्नासच्या दशकात अशी मडकी काढली होती, आत मुलंच होती.

आईंना सांगा, की त्यांचं म्हणणं मला कळलं. त्यांनी बघताक्षणी ओळखलं, लहान मुलाचं आहे म्हणून. आम्हाला त्यासाठी हाडं मोजावी लागतात. पण ज्या आईनं ते तिथे ठेवलं तिनेही नदी जवळ असताना नदीत सोडलं नव्हतं. घरात ठेवलं होतं.

प्रश्न : भीती नाही वाटत? घरी आल्यावर आंघोळ करता का? – इयत्ता सातवी, रत्नागिरी

आंघोळ करते, कारण धूळ फार असते.

भीती मला नाही, पण इनामगावच्या लोकांना वाटत असावी. तिथल्या मोठ्या माणसांना पुरताना घोट्याच्या वरून पाय तोडलेले आहेत. मेलेल्याने उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून, असा एक अंदाज आहे. एकाला मात्र सूट होती. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला तो माणूस, पाय शाबूत. गावातलं मोठं प्रस्थ असणार.

मला एकदाच दचकायला झालं होतं. रात्री उशिरापर्यंत मी दुधाचे दात एकेक करून कापसाच्या गादीवर लावत होते, छोट्या डब्यांतून, प्रत्येकावर आकडा. घरी आले तर माझ्या मुलीचा पहिला दात पडला होता आणि तो तिने काडेपेटीत, कापसावर, माझ्यासाठी ठेवला होता. वर पेन्सिलीनं आकडा टाकला होता : १.