वित्त विभागातून गुंतवणूक व्यवस्थापनाकडे

प्रश्न : मी चार्टर्ड अकाउंटंट असून चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका सूचीबद्ध कंपनीच्या वित्त विभागात दहा वर्षे नोकरी करत आहे. अंदाजपत्रक, खेळते भांडवल आणि बँकांचे व्यवहार मी पाहते. आता म्युच्युअल फंडात गुंतवणूक व्यवस्थापनाचे काम करावेसे वाटते. वय ३५. एमबीए करावे की सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट)? उशीर तर झाला नाही ना?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : उशीर झालेला नाही. मात्र तुमची सुरुवात संशोधन विश्लेषक म्हणून होईल आणि पगार बहुधा आजच्यापेक्षा कमी असेल, हे घरी मोकळेपणाने बोलून घ्या.

सीए झाल्यावर केवळ या बदलासाठी दोन वर्षे एमबीएला देणे मला अनाठायी वाटते. सीएफएचे तीन टप्पे नोकरी सांभाळून देता येतात. संशोधन विश्लेषकासाठी असलेली, शेअर बाजाराची नियामक सेबीने स्थापलेल्या एनआयएसएम या संस्थेची पंधराव्या मालिकेची परीक्षा तर काही आठवड्यांच्या अभ्यासात होण्यासारखी आहे. पण तुमची खरी पुंजी पदव्यांमध्ये नाही. मार्चअखेरीस माल घाईघाईने गेटबाहेर काढून विक्री कशी फुगवली जाते, डाय आणि टूलिंगचा (साचे व अवजारांचा) खर्च वाहन कंपनीकडून वसूल होईपर्यंत कुठे दाखवला जातो, नफा वाढत असताना येणे बाकी का साचत जाते, हे बाहेरून ताळेबंद वाचणाऱ्या विश्लेषकाला उमगायला वर्षे लागतात आणि तुम्ही ते रोज पाहता.

उणीव आहे ती किमतीच्या विचाराची. वित्त विभागात आकडा जुळला की काम संपते. गुंतवणुकीत तिथून पुढे प्रश्न सुरू होतो, कारण उत्तम कंपनीचा समभागही अवाच्या सवा भावाने घेतला तर पैसा बुडू शकतो आणि निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो. म्हणून आपल्याच उद्योगातील दोन-तीन सूचीबद्ध कंपन्या निवडा, त्यांचे वार्षिक अहवाल आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळणारी विश्लेषकांसोबतच्या तिमाही बैठकांची टिपणे वाचा आणि प्रत्येकीवर सात-आठ पानी अहवाल लिहा : रोख प्रवाह, मूल्यांकन, आपले मत आणि ते कशामुळे चुकू शकेल. हे शेवटचे कलम मुलाखतीत सर्वाधिक बारकाईने तपासले जाते. अर्ज केवळ फंड घराण्यांकडे न करता दलाली संस्थांच्या संशोधन विभागांकडे आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकांकडेही करा. नेमणूकपत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. स्वतःच्या कंपनीवर अहवाल लिहू नका, तिचे अप्रकाशित आकडे मुलाखतीत चुकूनही सांगू नका. वित्त विभागात असल्याने तुमचे नाव बहुधा ‘डेझिग्नेटेड पर्सन’च्या (कंपनीची अप्रकाशित माहिती हाती येऊ शकणाऱ्या व्यक्तींच्या) यादीत असेल, तसे असल्यास सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत तुम्हाला कंपनीच्या समभागांत व्यवहार करता येत नाही. फंड घराण्यातही वैयक्तिक व्यवहारांवर अशीच बंधने असतात, तेव्हा स्वतःच्या गुंतवणुकीची नोंद आजपासूनच चोख ठेवा.