वाचकांचे प्रश्न : ईगलनेस्टच्या वाटेवर दोघांची चाल

प्रश्न : माझे यजमान गेली अनेक वर्षे सह्याद्रीतील गडकिल्ले पायी हिंडत आले आहेत, साल्हेर, हरिहर, कळसूबाई या वाटा त्यांच्या पायाखालच्या आहेत. मला पक्षिनिरीक्षणाची आवड असून हिवाळ्यातील बहुतेक रविवार माझे नांदूरमध्यमेश्वरला जातात. यजमान आता सेवानिवृत्त झाले आहेत आणि येत्या एप्रिल-मे महिन्यांत तीन आठवडे अरुणाचल प्रदेशातील डोंगरांत चालत व पक्षी पाहत घालवावेत, असा आमचा दोघांचा विचार आहे. ईगलनेस्टचे नाव आम्ही पुष्कळ ऐकले आहे. मात्र आमची चाल जुळत नाही. मी एका झाडाखाली अर्धा तास थांबले की ते पुढचे वळण ओलांडून गेलेले असतात. दोघांचे वय साठीच्या आसपास आहे आणि यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सहलीची आखणी कशी करावी? दोघांनी दिवस वाटून घ्यावेत का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दिवस वाटून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. ईगलनेस्ट अभयारण्यात रानहत्ती आहेत आणि ते पायथ्याच्या जंगलापुरते राहत नाहीत, थेट खिंडीच्या उंचीपर्यंत चढून येतात. वळणापलीकडे काय आहे हे न दिसणाऱ्या, धुक्याच्या वाटेवर एकट्याने पुढे निघून जाणे तेथे योग्य नाही, मग चालणारा कितीही सराईत असो. दुसरे कारण असे की, त्या प्रदेशात चालणे आणि पक्षी पाहणे या दोन गोष्टी एकाच वाटेवर होतात. पश्चिम कामेंग जिल्ह्यातील हे सुमारे 218 चौरस किलोमीटरचे अभयारण्य एका जुन्या लष्करी रस्त्याभोवती पसरलेले आहे. हा कच्चा रस्ता टेंगा खोऱ्यातून चढत सुमारे 2,800 मीटर उंचीच्या ईगलनेस्ट खिंडीत पोहोचतो आणि पलीकडे बोंपू, सेस्नी, खेलाँग असे टप्पे घेत आसामच्या सीमेकडे उतरत जातो. रस्त्यावर वर्दळ जवळजवळ नाहीच. गाडी पुढे पाठवून द्यायची आणि आपण मागून पायी उतरत राहायचे, अशीच तेथील पक्षिनिरीक्षकांची रीत आहे. त्यामुळे आपल्या यजमानांना चालायला मिळेल आणि आपल्याला थांबायला मिळेल. ठरवायचे आहे ते इतकेच, की कोणत्या वेळी कोणाची चाल धरायची.

पक्ष्यांची वेळ पहाटेची असते आणि तेथे पहाट फार लवकर होते. अरुणाचलातील घड्याळ आपल्याच घड्याळाप्रमाणे चालते, परंतु सूर्य मात्र नाशिकपेक्षा सव्वा तास आधी उगवतो. एप्रिलच्या अखेरीस पाच वाजायच्या आतच सूर्योदय होतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे साडेचारला आपण वाटेवर उभे असले पाहिजे. त्या वेळेपासून नऊ-दहा वाजेपर्यंत चाल आपली असावी आणि यजमानांनी ती पाळावी. दहानंतर जंगल शांत होते. तेव्हापासून दुपारी तीनपर्यंत चाल त्यांची असावी. बोंपूहून खिंडीच्या दिशेने चढत जाण्यात त्यांच्या पायांना हवे ते सर्व काही आहे. मात्र सोबत स्थानिक वाटाड्या हवाच.

पहाटेच्या त्या चार-पाच तासांत यजमानांनी नुसते थांबून राहावे, असे मी सुचवत नाही. पूर्व हिमालयात पक्षी बरेचदा मिश्र थव्याने हिंडतात. बराच वेळ काहीही दिसत नाही आणि मग अचानक वीसेक जातींचे पक्षी एकाच झाडावरून किडे टिपत पुढे सरकतात. काही मिनिटांत सारे संपते. अशा वेळी एकट्या माणसाची दुर्बीण एका पक्ष्यावर खिळली की बाकीचे निसटतात. म्हणून एकाने दुर्बीण न लावता संपूर्ण झाडाकडे पाहत राहावे आणि ‘डावीकडे, मधल्या फांदीवर, खाली उतरतोय’ असे हलक्या आवाजात सांगत राहावे, दुसऱ्याने दुर्बिणीतून ओळख पटवावी आणि थोड्या वेळाने जागा बदलाव्यात. गडाच्या वाटेवर दगड, घसारा आणि पुढचे वळण एका नजरेत हेरणाऱ्या माणसाला पहिले काम उत्तम जमते.

येथे आपल्या दोघांनाही एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपण नांदूरमध्यमेश्वरला जे पाहता, ते उघड्या पाण्यावरचे पक्षी असतात. चक्रवाक किंवा राखी बगळा दुर्बिणीच्या टप्प्यात बराच वेळ थांबतो, त्याची चोच, पाय, पंख निवांत पाहता येतात. ईगलनेस्टच्या दाट पानोळ्यात पक्षी दोन सेकंद दिसतो आणि त्यातले एक सेकंद तो पाठमोरा असतो. तेथे डोळ्यांआधी कान उपयोगी पडतात. तेव्हा जानेवारीपासून मार्चपर्यंत काही रविवार पाणथळ सोडून बोरगड, त्र्यंबकेश्वर आणि हरसूलच्या बाजूच्या झाडीत घालवावेत. टकाचोर, हळद्या, तांबट, स्वर्गीय नर्तक हे परिचयाचे पक्षी आधी आवाजावरून ओळखायचे आणि मगच दुर्बीण उचलायची, असा नेम ठेवावा. तेथील आवाज वेगळे आहेत हे खरे, परंतु ऐकून दिशा धरण्याची सवय सर्वत्र तीच असते. पुस्तकातील चित्रांपेक्षा या सरावाचा मला अधिक भरवसा वाटतो.

यजमानांच्या बाबतीत प्रश्न उंचीचा आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. ईगलनेस्टमधील पहिला मुक्काम असलेला लामा कॅम्प सुमारे 2,350 मीटरवर आहे, म्हणजे तेथे आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही 700 मीटर उंचीवर झोपणार आहात. या उंचीवर बहुतेकांना विशेष त्रास होत नाही. खरी काळजी घ्यायची ती पुढे तवांगच्या वाटेवरील सेला खिंडीला जाताना, कारण ती 4,000 मीटरहून उंच आहे. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे दमछाक सोसण्याच्या ताकदीवर अवलंबून नसते. उलट सराईत चालणारा माणूस वेगाने वर चढतो आणि म्हणून आधी आजारी पडू शकतो. सर्वमान्य नियम असा आहे की, 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच खाली उतरावे. निघण्यापूर्वी यजमानांनी आपल्या डॉक्टरांना जाण्याच्या उंचीचे आकडे दाखवून रक्तदाबाच्या गोळीविषयी विचारावे. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि आधीच लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. मोठ्या उपचारांसाठी तेजपूरपर्यंत खाली यावे लागते, ही गोष्टही लक्षात असू द्यावी.

आता आखणी. तीन आठवड्यांत सात-आठ ठिकाणे पाहण्याचा मोह टाळावा आणि तीनच मुक्काम धरावेत. मुंबईहून विमानाने गुवाहाटी, तेथून गाडीने तेजपूर, आणि दुसऱ्या दिवशी भालुकपोंग येथे राज्याची सीमा ओलांडून टेंगामार्गे लामा कॅम्प, असा प्रवास होईल. अरुणाचलात प्रवेशासाठी आपल्यालाही इनर लाइन परमिट लागते. ते घरबसल्या ऑनलाइन काढता येते, आणि अभयारण्याची वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. लामा कॅम्पला चार-पाच रात्री राहावे. तेथून खिंड ओलांडून सुमारे 1,900 मीटरवरील बोंपूला यावे आणि तेथे आणखी पाच रात्री काढाव्यात. एक-दोन दिवस गाडीने सेस्नीपर्यंत उतरावे. सेस्नी साधारण आपल्या अंजनेरीच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे, परंतु जंगल इतके वेगळे आहे की चालता चालता आपण दुसऱ्या देशात आलो असे वाटावे. या एकाच अभयारण्यात साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, त्याचे कारण या उतारातच आहे. पायथ्याच्या उष्ण जंगलापासून वरच्या ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांबूपर्यंत प्रत्येक पट्ट्याचे पक्षी निराळे आहेत. वॉर्डचा कर्णा खिंडीजवळच्या थंड झाडीत शोधावा, तर तांबूस मानेचा धनेश आणि ब्युटिफुल नटहॅच यांच्यासाठी खाली उतरावे. जो एकाच उंचीवर तीन आठवडे राहील, त्याला यातले निम्मेही दिसणार नाहीत.

शेवटचा आठवडा दिरांग येथे ठेवावा. ते सुमारे 1,500 मीटरवर असल्याने झोप चांगली लागते, आणि तेथून मंडला व सेला खिंडीकडे दिवसभराची फेरी करून रात्री पुन्हा खाली येता येते. 2024 साली सेला बोगदा सुरू झाल्यापासून तवांगकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या खिंडीत चढत नाहीत. मोनाल आणि ग्रँडाला या उंचावरच्या पक्ष्यांसाठी आपण मात्र जुन्या रस्त्याने खिंडीतच जावे, तेथे सावकाश वावरावे आणि दुपारच्या आत खाली उतरावे.

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो म्हणून मे महिना कोरडा समजू नये. तेथे एप्रिलपासूनच वादळी सरी येतात, दरड कोसळून भालुकपोंगचा रस्ता बंद पडू शकतो आणि जळवाही वाढतात. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. दोघांनी जळवांसाठीचे गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे घ्यावेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघून मेच्या पहिल्या आठवड्यात परतणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण तेव्हा पक्षी गात असतात आणि पावसाचा जोर अजून वाढलेला नसतो.

प्रश्न : जंगलात मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की तो पक्षी लगेच जवळ येतो. इतक्या दूर जाऊन दुर्मीळ पक्षी न पाहताच परतण्यापेक्षा एखाद्या वेळी असा आवाज वाजवण्यास काय हरकत आहे?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : हरकत आहे, आणि विणीच्या काळात तर फारच आहे. आवाज ऐकून येणारा नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून येतो. घरट्याची राखण, पिलांचे खाद्य आणि स्वतःचे पोट हे सारे सोडून तो एका नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. एकाच वाटेने रोज नवे पाहुणे येत असतील, तर त्या एका जोडीला हे महिनाभर सोसावे लागते.

वरील उत्तरात ज्या लामा कॅम्पचा उल्लेख आला आहे, तेथील एका पक्ष्याची हकिगत यासंदर्भात सांगण्यासारखी आहे. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेले रमणा अत्रेय यांना 1995 साली ईगलनेस्ट परिसरात एक अनोळखी पक्षी दिसला. तो पुन्हा सापडायला आणि अभ्यासता यायला दहा वर्षे गेली. 2006 साली त्याचे ‘बुगुन लिओसिकला’ या नावाने शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. नव्या जातीचे वर्णन करताना एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची जुनी प्रथा आहे. परंतु पक्ष्यांची संख्या इतकी थोडी होती की अत्रेय यांनी जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मोजमापे, छायाचित्रे आणि गळालेली पिसे एवढ्यावरच वर्णन केले आणि पक्षी सोडून दिला. पक्ष्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या बुगुन जमातीने सिंगचुंग गावाच्या मालकीचे सुमारे 17 चौरस किलोमीटर जंगल 2017 साली सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेतले आणि आज गावातील तरुणच तेथे गस्त घालतात. ज्या पक्ष्यासाठी शास्त्रज्ञाने प्रथा मोडली आणि गावाने आपले जंगल राखून ठेवले, त्याला मोबाइलवरच्या आवाजाने हैराण करण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्थानिक वाटाड्यासोबत एखाद्या ओढ्याकाठी दोन पहाटा शांत बसावे. पक्षी दिसला तर उत्तमच. न दिसला तरी वाटाड्याला आवाज वाजवण्याचा आग्रह करू नये, कारण पाहुण्याला नकार देणे त्याला जड जाते.

प्रश्न : दुर्बीण 8×42 घ्यावी की 10×42? आम्ही दोघांत एकच घेतली तर चालेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : डोंगरातील जंगलासाठी 8×42, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची दुर्बीण घ्यावी. तिच्यातून दिसणारा परिसर अधिक रुंद असल्याने हलणारा पक्षी लवकर सापडतो, हाताची थरथर कमी जाणवते आणि अंधुक झाडीत चित्र उजळ दिसते. 10×42 ही धरणकाठी, दूरच्या बदकांसाठी अधिक उपयोगी आहे. दोघांत एकच दुर्बीण पुरत नाही. एक महागडी घेण्याऐवजी मध्यम किमतीच्या दोन घ्याव्यात. चष्मा लावून पाहणार असाल, तर डोळ्यांजवळची रबरी कडी फिरवून पूर्ण आत ढकलावीत आणि विकत घेण्यापूर्वी दुकानातच चष्म्यासह पाहून संपूर्ण वर्तुळ दिसते का, याची खात्री करावी.