‘७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर’: तास नेमके कुठून मोजायचे?

परदेशी जाताना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर (कोविडचा विषाणू शोधणारी चाचणी) रिपोर्ट मागितला आणि दोन विमानांचा प्रवास असेल, तर ७२ तास नमुना दिल्यापासून धरायचे की रिपोर्ट मिळाल्यापासून, असं तुम्ही विचारलंय. कोविडच्या काळात बहुतेक देशांनी नमुना घेतल्याची वेळच धरली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला की त्यातले २४ तास गेलेलेच असतात.

मोजणी कुठे संपते, हे मात्र तेव्हा देशागणिक बदलायचं: कुठे पहिलं विमान सुटेपर्यंत, कुठे त्या देशात नेणारं विमान सुटेपर्यंत, तर कुठे तिथे उतरेपर्यंत. शिवाय ‘तास’ आणि ‘दिवस’ यांत फरक आहे. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१पासून ३ दिवसांची अट घातली. त्यात शुक्रवारच्या विमानाला मंगळवारी कधीही दिलेला नमुना चालायचा. ६ डिसेंबर २०२१पासून तीच मुदत १ दिवसावर आली. म्हणून नियम मूळ सरकारी संकेतस्थळावर आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा. फिरत आलेल्या मेसेजवर विसंबू नका.

७२ तासांची अट असेल तर मी नमुना साधारण ४८ तास आधी द्यायला सांगेन. त्याहून लवकर दिला तर विमान रखडल्यावर मुदत उलटते, उशिरा दिला तर रिपोर्टच वेळेत येत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते कागदावर. कित्येक लॅब फक्त रिपोर्टची वेळ छापतात. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, चाचणीचा प्रकार, पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि पासपोर्ट क्रमांक, हे सगळं आहे का ते लॅबमधून रिपोर्ट घेतानाच तपासा. चेक-इन काउंटरवर दुरुस्ती होत नाही, आणि बोर्डिंग पास द्यायचा की नाही हे तिथेच ठरतं. अँटिबॉडीचा रिपोर्ट यासाठी चालत नाही. त्यातून आत्ता संसर्ग आहे का हे कळत नाही.

दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागू शकतं. मग त्या मधल्या देशाचे नियमही तुम्हाला लागू होतात.

कोविडमधून नुकतेच बरे झाला असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. विषाणूचे निर्जीव अवशेष काही आठवडे राहू शकतात आणि आरटीपीसीआर तेही पकडते. अमेरिकेने अशांसाठी ९० दिवसांच्या आतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं ‘प्रवासास हरकत नाही’ असं पत्र ग्राह्य धरलं होतं. तुम्ही जाताय त्या देशात अशी सवलत आहे का, हे तिकीट काढण्याआधी बघा.