उन्हाळे, गायझर आणि उष्णताप्रिय

प्रश्न असा आहे की, जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणावे की ‘गायझर’, आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांना ‘उष्णतासह’ म्हणणे योग्य आहे का.

‘उन्हाळे’ हा नपुंसकलिंगी शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृतातून ‘ऊन’ आले. ‘ऊन पाणी’ या प्रयोगात त्याचा ‘गरम’ हा अर्थ अजून टिकून आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढणाऱ्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि हलके होऊन एखाद्या भेगेवाटे वर येते. ते नुसते वाहत राहिले तरी ते उन्हाळेच. ज्वालामुखीचे सान्निध्य असलेच पाहिजे असे नाही.

‘गायझर’ हा मात्र त्यातला एक विशेष प्रकार आहे. आइसलँडमधील ‘गेसिर’ या उसळत्या झऱ्याच्या नावावरून तो शब्द इंग्रजीत रूढ झाला, आणि पाणी तापवण्याच्या घरगुती यंत्राचे ‘गीझर’ हे नावही तिथूनच आले. गायझरमध्ये पाण्याची वाट अरुंद असते, त्यामुळे वरच्या पाण्याच्या दाबाखाली तळचे पाणी शंभर अंशांपलीकडे तापूनही उकळत नाही; दाब किंचित कमी होताच त्याची एकाएकी वाफ होते आणि फवारा उसळतो. म्हणून प्रत्येक गायझर उन्हाळे असते, पण प्रत्येक उन्हाळे गायझर नसते.

जीवांच्या बाबतीत भेद अधिक महत्त्वाचा आहे. जो जीव उष्णता केवळ सोसतो तो ‘उष्णतासह’; ज्याची वाढच उष्णतेत उत्तम होते तो ‘उष्णताप्रिय’. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांतून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांनी मिळवलेला आणि १९६९ मध्ये वर्णिलेला ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जिवाणू सुमारे ७० अंशांना जोमाने वाढतो. त्याला ‘सह’ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे उष्णतेत टिकणारे विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर या डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राचा आधार ठरले. साधारण ७३ अंशांपलीकडे प्रकाशसंश्लेषण थांबते. त्याहून तप्त पाण्यातले जीव हायड्रोजन किंवा गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवतात, आणि त्यांनाही ‘उष्णताप्रिय’ हाच शब्द लागू पडतो.